डॉक्टरांचा वाडा, मागच्या दारानं

माय हरवली ती वाड्यात शिरायच्या आधीच. जीपवाल्याला द्यायला माझ्याकडे सुटे नव्हते, त्याच्याकडेही नव्हते, आणि आमची घासाघीस चालू असताना ती कुठं सटकली ते कळलंच नाही. समोर दिंडी दरवाजा, त्याला कुलूप. रस्त्यावर एक कुत्रं आणि एक बंद पडलेला ट्रॅक्टर. मी हाका मारत वाड्याला वळसा घातला. भिंत लांबलचक, खाली घडीव दगड, वर पांढऱ्या मातीचं बांधकाम. मध्येच गेरूनं रंगवलेली, पुसट झालेली अक्षरं: ‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा’. अक्षरं संपतात तिथं भिंत वळते आणि एक बुटकं दार लागतं. त्या दारासमोर, लिंबाखाली, माय उभी होती. चपला काढून हातात धरलेल्या.

‘‘माय, इकडं कामून आलीस? दरवाजा तिकडं आहे.’’

‘‘दवाखाना इकडं हाय,’’ ती म्हणाली.

गाव सेलूपासून जीपनं तासाभरात येतं. नाव लिहीत नाही, कारण ज्यांनी वाडा उघडून दाखवला त्यांनी तसं सांगितलंय. काम अजून अर्धं आहे, लोक यायला लागले तर आवरायचं कोणी, हा त्यांचा प्रश्न. हे मायचं माहेर. लग्न होऊन ती परभणीला आली, पुढं मामा मुंबईला गेले, गावात जायला कारण उरलं नाही. मी परभणीत एका दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. आमच्याकडे औषधं घेऊन येणाऱ्या एकानं मोबाइलवर फोटो दाखवले, जुन्या बाटल्या, तराजू, काचेची सिरिंज, आणि म्हणाला, मॅडम, तुमच्या आवडीचं काम आहे, एका खेड्यातल्या डॉक्टरचं घर त्याच्या नातवानं म्युझियम करून ठेवलंय. गावाचं नाव ऐकलं आणि घरी येऊन मायला सांगितलं. ती काही बोलली नाही. रात्री झोपताना म्हणाली, ‘‘मला बी घेऊन चल.’’

अशी घरं आपल्याकडे फार नाहीत. सोलापूरला द्वारकानाथ कोटणीसांचं घर स्मारक म्हणून जपलंय, पण कोटणीस चीनमध्ये जाऊन काम करता करता १९४२ साली वारलेले, जगाला माहीत असलेले. तालुक्याबाहेर ज्याचं नाव कोणी ऐकलं नाही अशा डॉक्टरचं घर कोण कशाला जपतो? तेरला लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय मी शाळेच्या सहलीत पाहिलंय, पण तिथल्या वस्तू दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांच्याबद्दल खरं-खोटं सांगायला कोणी जिवंत नाही. इथं माझ्यासोबत एक जिवंत पेशंट होती, आणि तिनं चपला काढून हातात धरल्या होत्या.

नातू म्हणजे साठीचा माणूस. पुण्यात नोकरी करून निवृत्त झालेला, महिन्यातले आठ-दहा दिवस इथं राहतो. फोन केल्यावर शेजारच्या किराणा दुकानातून धावत आला, कुलूप काढताना तीनदा माफी मागितली. मायला म्हणाला, ‘‘या मावशी, समोरून या.’’ माय समोरून आली खरी, पण दिंडीच्या उंबऱ्याशी अशी थांबली की मला तिच्या पाठीला हात लावावा लागला.

वाडा मोठा नाही. दोन खणांची ओसरी, मधे चौक, डावीकडे दवाखान्याची खोली, तिच्या मागं औषधं बनवायची खोली, वर माडी. निम्म्या भागावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत आहे, निम्म्यावर पत्रे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. पहाटे चारच्या सुमाराला जवळजवळ आठ हजार माणसं गेली, बहुतेक दगडमातीच्या घरांखाली सापडून. त्यानंतर इकडच्याही लोकांना आपल्याच छताची भीती बसली आणि गावोगाव माळवदं उतरवून पत्रे चढले. या घरानंही पुढचा भाग उतरवला, मग पैसे संपले, म्हणून मागचा वाचला. नातू आता माळवदाची पांढरी माती भरणारा जाणकार शोधतोय. एक सापडला होता, त्याला डोळ्यांनी दिसत नाही. तो खाली बाजेवर बसून सांगायचा आणि पोरं वर माती चोपायची, गवत उगवू नये म्हणून मीठ किती टाकायचं तेही तोच सांगायचा. यावर नातू अर्धा तास बोलला असता, पण मला बाटल्या बघायच्या होत्या.

डॉक्टर हैदराबादला शिकले. उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालचं, तिथं शिकवायचे उर्दूतून, वैद्यकीयसुद्धा. त्यामुळं या घरात रोगांची नावं उर्दूत, औषधांची इंग्रजीत, हिशेब मोडीत आणि शिव्या मराठीत, असं नातू म्हणाला. रुग्णांच्या वह्या काचेच्या पेटीत उघड्या ठेवल्यात. स्वतः नातवाला त्यातलं अक्षर वाचता येत नाही. सेलूच्या एका निवृत्त मास्तरांकडून उर्दू वाचून घेतली, मोडीसाठी दुसरा माणूस धरला. पैशांचे रकाने दोन, हाली आणि कलदार. निजामाचा हाली सिक्का वेगळा आणि इंग्रजी राज्यातला रुपया, म्हणजे कलदार, वेगळा. पोलीस ॲक्शन होऊन संस्थान गेलं १९४८ ला, पण हाली सिक्का १९५९ पर्यंत चालला. तिसरा रकाना नंतर आखलेला दिसतो, त्यात पायली, अधोली, शेर. ज्वारीच जास्त. हरभरा क्वचित.

विंचू हा शब्द मला न शिकवता ओळखता यायला लागला, इतका तो त्या वहीत होता. त्या काळी विंचू चावला की डॉक्टरांच्या हातात फार काही नव्हतं. तांबडा विंचू धडधाकट पोराचं हृदय एका रात्रीत बंद पाडते. त्यावर प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं औषध चालतं हे पुढं ज्यांनी दाखवून दिलं ते हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातले, भोकरदनजवळच्या देहेड गावचे, पण त्यांनी ते काम केलं कोकणात, महाडकडे. आज आमच्या दवाखान्यात ती गोळी ठेवलेली असते. वहीतल्या काही विंचवांपुढं एक आडवी रेघ आहे. रेघेचा अर्थ मी विचारला नाही.

मागची खोली माझी. तिथं मी तासभर होते. चिनी मातीचा खल, पितळेचा छोटा तराजू, त्याची ग्रेनची वजनं मखमलीच्या खाचांत. साठ ग्रेनचा एक ड्रॅम, आठ ड्रॅमचा एक औंस, हे आम्ही पाठ केलं तेव्हाच कालबाह्य झालं होतं, पण इथं ते हातात घेता आलं. एक ग्रेन म्हणजे पासष्ट मिलिग्रॅम, म्हणजे ते सर्वांत छोटं वजन तळहातावर ठेवलं तरी जाणवत नाही. आणि बाटल्यांवरच्या कागदाच्या पट्ट्या! मिक्श्चरच्या बाटलीला उभी पट्टी चिकटवायची. पट्टी आधी घडी घालायची, मग घडीच्या कोपऱ्यावर कात्री मारायची, उलगडली की दोन्ही कडांना दात पडलेले. एक दात म्हणजे एक डोस. ज्याला एक अक्षर वाचता येत नाही त्यालाही कळतं की सकाळी इथपर्यंत, संध्याकाळी इथपर्यंत. एका बाटलीवर अशी पट्टी अजून आहे, खळ वाळून पिवळी पडलेली, आणि तिचे दात सारखे नाहीत. सगळ्यात खालचा मोठा झालाय. कापणाऱ्याला घाई असावी, किंवा कात्री बोथट. आम्ही आज गोळ्यांच्या पाकिटावर पेनानं एक उभी रेघ, शून्य, एक उभी रेघ काढतो आणि पेशंटला तोंडी सांगतो. त्यातले निम्मे परत विचारायला येतात.

प्रत्येक वस्तूखाली नातवानं छापील चिठ्ठी लावलीय. मराठीत, मोठ्या अक्षरात, लॅमिनेशन केलेली. काही चांगल्या आहेत. क्विनाईनच्या बरणीखाली त्यानं लिहिलंय की मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात रोनाल्ड रॉसला सापडला तो सिकंदराबादला, १८९७ साली, म्हणजे याच संस्थानात. हे मला आवडलं. सेलूच्या स्टेशनावर हैदराबादहून औषधांच्या पेट्या मीटर गेजच्या गाडीनं कशा यायच्या तेही लिहिलंय. काही चिठ्ठ्या कौतुकाच्या आहेत, त्या मी नुसत्या मोठ्यानं वाचत गेले, कारण मायला वाचता येत नाही आणि तिला सगळं ऐकायचं होतं. पितळेच्या एका घंगाळाखाली होतं: ‘डॉक्टर स्वच्छतेचे इतके भोक्ते होते की दवाखाना आटोपल्यावर रोज दुसरी आंघोळ केल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नसत.’ माय ‘‘हं’’ म्हणाली. मी पुढं सरकले.

ड्रेसिंगचा ट्रे शेवटी. वाकडी कात्री, दोन चिमटे, बोरिक पावडरचा डबा, आणि एका मुलामा दिलेल्या वाटीत दहा-बारा बारीक काड्या. वेळूच्या, दोन इंच लांब, तासून गुळगुळीत केलेल्या, दोन्ही टोकं बोथट. चिठ्ठी: ‘दात कोरण्याच्या काड्या. डॉक्टरांच्या वापरातील.’

मी वाचलं आणि माय हसली. तिचं हसू असं फुटलं की बाहेरून नातू आत आला.

‘‘मालक,’’ ती त्याला म्हणाली, आणि मला तो शब्द टोचला, पण तिच्या तोंडी तोच बसलेला, ‘‘ह्या दात कोरायच्या न्हाईत. ह्या नारूच्या हायेत.’’

तिनं लुगडं घोट्यावरून वर घेतलं. उजव्या पायावर, घोट्याच्या चार बोटं वर, रुपयाएवढा एक फिकट गोल डाग आहे. मी तो जन्मापासून बघत आलेय. भाजलं असेल असं समजत होते. विचारलं कधीच नव्हतं.

आताच्या पोरांना नारू हा शब्दच माहीत नाही, आणि ते बरंय. नारूचा किडा पाण्यातून पोटात जातो. पाण्यात डोळ्याला धड न दिसणारे सायक्लॉप्स नावाचे जीव असतात, त्यांच्या अंगात नारूची पिलं. पाणी पिलं की ती पोटात मोकळी होतात, आणि वर्षभर काहीच कळत नाही. वर्षानं मादी कातडीखालून उतरत पायाशी येते, साठ ते शंभर सेंटिमीटर लांब, शेवयासारखी. तिथं फोड येतो, पाय पेटल्यासारखा होतो. माणूस आग शांत करायला पाय पाण्यात बुडवतो, आणि नेमक्या त्याच क्षणी ती मादी हजारोंनी पिलं पाण्यात सोडते. पायऱ्या उतरून ज्या विहिरीत पाय बुडतो, म्हणजे बारव, तिच्यासाठी तर ही व्यवस्थाच. औषध यावर तेव्हाही नव्हतं, आजही नाही. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर ओढायचा, एवढंच. ओढताना तुटला तर आत राहिलेला भाग सडतो, पाय सुजतो, सांधा धरतो.

हे सगळं मी परीक्षेत लिहिलेलं आहे. मायनं सांगितलं ते असं.

‘‘चैताचे दिस. मी नऊ-दहा वर्साची आसन. पायाला आग लागली आग. मायनं पाला बांधला, कुनी चुना लावला. फोड फुटला तव्हा आतून पांढरं सूत दिसाया लागलं. बापानं खांद्यावर घेतलं आन् हितं आणलं. मागल्या दाराला. आमची वस्ती गावाभाईर, आमाला समोरून येऊ देत नव्हते. मागं लिंबाखाली बसायचं, डॉक्टर समोरचे पेशंट झाले की भाईर यायचे. घमेल्यात पानी भरून पाय त्याच्यात सोडाया लावायचे लई येळ. मग भुईवर बसून महा पाय घ्यायचे आपल्या मांडीवर. धोतरावर. आन् ह्या काडीला ते सूत धरून एक येढा, दीड येढा. दुखलं म्हनलं की थांबायचे. काडी पट्टीत बांधून द्यायचे, उद्या ये. उद्या पुन्ना एक येढा. वीस-बावीस दिस आले मी. घमेल्यातलं पानी कुटं वतू नका, तिकडं उकिरड्यावर वता, आसं बापावर वरडायचे.’’

तिच्या मैत्रिणीच्या आज्जीनं एकदाच हिसका दिला, नारू तुटला. ती मुलगी पुढं कायमची गुडघ्यात वाकून चालायची. तिचं नाव मायनं तीनदा घेतलं, मी इथं घेत नाही.

नातवानं तोवर खिशातून पेन काढलं होतं. ‘‘मावशी, तुम्ही पाणी कुठलं प्यायचात? गावातल्या बारवेचं?’’

‘‘बारवंत आमाला कोन उतरू देतं? वर काठावर उभं ऱ्हायचं घागर घिऊन. कुनी वतलं तर वतलं. शिवायला नको म्हून वरून वतायचे. किडा बी वरूनच आला.’’

कोणीच काही बोललं नाही. बाहेर ट्रॅक्टर सुरू व्हायचा प्रयत्न करत होता.

आम्ही सकाळी येताना वालूरवरून आलो होतो, मला तिथली बारव बघायची होती म्हणून. गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्या, चक्रव्यूहासारख्या, बघत राहावं अशी. गावकऱ्यांनी गाळ काढून साफ केलेली. हल्ली महाशिवरात्रीला मराठवाड्यातल्या बारवांमध्ये दिवे लावतात, त्याचे फोटो आपण सगळेच पुढं पाठवतो, मीही पाठवलेत. माय काठावरच थांबली होती. मला वाटलं गुडघे दुखत असतील. मी खाली उतरून तिचा फोटो काढला, वर कठड्याशी उभी, पाठीमागं आभाळ. तो फोटो चांगला आलाय आणि तो मी कोणाला पाठवलेला नाही.

नारू गेला तो बारवांवरच्या कामामुळंच. १९८३ नंतर सरकारनं कार्यक्रम हाती घेतला. पायऱ्या बंद करून वरून ओढायची सोय केली, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस टाकलं, पाणी दुपदरी फडक्यातून गाळायला शिकवलं, हातपंप आले. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. लस नाही, गोळी नाही, नुसत्या फडक्यानं आणि कठड्यानं गेलेला रोग. फार्मासिस्ट म्हणून मला याचा थोडा अपमान वाटतो.

नंतर ओसरीवर चहा झाला. माय बाकावर बसली नाही, पायरीवर बसली. मी आग्रह केला नाही, तिच्या गुडघ्याला पायरीच सोयीची. मग तिनं एकाएकी विचारलं, ‘‘ते आंघूळीचं काय लिवलंय म्हनलीस?’’

मी पुन्हा सांगितलं. दवाखाना आटोपल्यावर दुसरी आंघोळ.

‘‘लोक तेच म्हनायचे,’’ ती म्हणाली. ‘‘आमाला शिवल्यावर डॉक्टर आत जाऊन आंघूळ करतेत. मी काय बघितलं न्हाई. मी ल्हान व्हते.’’

नातवाचा कप बशीत टेकला. तो हळूच म्हणाला की त्याची आत्याही असंच काहीतरी सांगायची, पण घरात त्यावर बोलणं व्हायचं नाही. चिठ्ठी त्यानं वडिलांच्या आठवणीवरून लिहिली होती. मग मी बोलले, आणि का बोलले ते मला अजून नीट सांगता येत नाही. म्हटलं, दिवसभर पू-रक्त हाताळणाऱ्या माणसानं आंघोळ करावी हे बरोबरच आहे. आमच्याकडेही ड्युटी संपली की करतात. आणि वैशाखात दोनदा आंघोळ कोण करत नाही?

मी सांगितलं ते खोटं नव्हतं. पण पाणी कुठून ओतलं जायचं हे तोवर सगळ्यांनी ऐकलेलं होतं. तो माणूस आमच्या मायचा पाय स्वतःच्या धोतरावर घेत होता, वीस-बावीस दिवस, एका ज्वारीच्या पायलीवर. त्याच माणसाच्या घरात औषधाची बाटली हातात न देता पायरीवर ठेवायची पद्धत होती, हे मायनं जाता जाता सांगितलं, कुठली पायरी तेही दाखवलं. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी, दहा फुटांच्या अंतरात. मला त्यांची बेरीज करता येत नाही. मायला ती करायची गरज वाटत नसावी, तिनं दुसरा चहा मागितला.

निघताना नातू मागचं दार दाखवायला घेऊन गेला. ते आतून कायम बंद असतं, समोर जुनी कपाटं लावलीत. म्हणाला, कपाटं हलवतो, इथूनही लोकांना आत घेता येईल. मला ते थोडं नाटकी वाटलं, पण लिंबाखालची ती जागा बघायला लोक आले तर मी नको म्हणणार नाही. काड्यांपैकी एक मायला द्यावी असं त्याच्या मनात आलं, वाटी हातात घेतली, मग थांबला. सगळ्यांची मोजदाद वहीत झालेली. मायच म्हणाली, ‘‘ठेवा मालक. मला काय करायची? दातं बी न्हाईत.’’

दारापाशी अभिप्रायाची वही आहे. आधीच्या पानावर पुण्यातल्या कोणीतरी ‘अप्रतिम’ लिहून तीन उद्गारचिन्हं दिली होती. नातवानं पेन मायच्या हातात दिलं, तिनं ते माझ्याकडे सरकवलं. काय लिहू म्हणून विचारलं तर तिनं थोडा विचार केला आणि सांगितलं. मी तिचंच वाक्य तिच्याच शब्दांत उतरवलं: ‘त्या काड्या दात कोरायच्या न्हाईत.’ तारीख घातली. खाली तिनं सही केली, साक्षरता वर्गात शिकलेली, चार अक्षरांची, वेळ लावून.